ढगाळ रात्रींचे आकडे

सकाळचे आठ पंचवीस झाले होते. मी यांगचेनच्या घराच्या धाब्यावर, रचून ठेवलेल्या गोवऱ्यांच्या ढिगाआड, चोरासारखी उभी होते. खाली अंगणापलीकडे तारेच्या कुंपणात ती पांढरी पेटी दिसत होती. चार पायांवर उभी, चारी बाजूंनी झडपा, कोंबड्यांच्या खुराड्याएवढी. आत उष्णतामापी. साडेआठला यांगचेन खरंच तिथे येते, की चुलीपाशी बसून मनानेच वहीत आकडा टाकते, हे मला बघायचं होतं.

"ताई," मागून ढोबळेकाका म्हणाले.

"हळू बोला."

"हळूच बोलतोय. हा आवाज माझा नाही, दातांचा आहे."

ढोबळेकाका आमच्या पुण्याच्या संस्थेतले यंत्रदुरुस्तीवाले. मूळ बार्शीचे. दोन कानटोप्या एकावर एक घालून, वर मफलर गुंडाळून ते आले होते. चेहऱ्याचं म्हणाल तर नाकच काय ते बाहेर होतं.

"काल ज्या बाईच्या हातचा तीन वाट्या शेवयांचा थुकपा ओरपला," ते म्हणाले, "तिच्यावरच पाळत ठेवायची? पोटातला थुकपा काय म्हणेल?"

तेवढ्यात खाली दार वाजलं. यांगचेन बाहेर आली. पंचेचाळिशीची, ठेंगणी, काखेत वही, कानावर पेन्सिल. बर्फातल्या पायवाटेने ती पेटीपर्यंत गेली, दार उघडलं, वाकली, वाचलं, लिहिलं. मग वर न बघताच ओरडली,

"मॅडमजी, वर वारा लागतो! खाली या, इथनं जास्त चांगलं दिसतं."

ढोबळेकाका इतके हसले, की मफलर सुटला.

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. स्पितीच्या खोऱ्यातलं तोमलुंग हे बावीस उंबऱ्यांचं गाव, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. ती तिच्या पहाडी हिंदीत बोलायची, मी माझ्या जत तालुक्याच्या हिंदीत; दोघींचं व्याकरण सारखंच उघडं, त्यामुळे जमायचं. तिकडे मोठ्या बहिणीला आचे म्हणतात. ढोबळेकाका पहिल्या दिवसापासून तिला आचे म्हणू लागले होते. मी मात्र 'यांगचेनजी' म्हणत होते. जिची चौकशी करायची तिला बहीण कसं म्हणायचं?

कारण मी चौकशीलाच आले होते.

आमच्या डॉक्टर हसबनीस सरांनी वीस वर्षं खपून एक मॉडेल उभं केलं होतं. उंच, थंड मुलखाचं हवामान संगणकात चालवून बघायचं: बर्फ किती पडेल, रात्र किती गारठेल, उन्हाळ्यात नदीला पाणी कधी येईल. ते खरं बोलतं का, हे उपग्रहाच्या मोजमापांशी ताडून बघायचं काम माझं होतं. उपग्रह रोज रात्री वरून जातो आणि जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेवरून तिचा गारवा मोजतो. त्या उजाड डोंगरात, जिथे माणूस नाही की यंत्र नाही, तिथलंही त्याला कळतं. माझा त्याच्यावर फार जीव होता.

आणि ताळा चुकला. आदल्या वर्षीच्या जानेवारीतल्या रात्रींची सरासरी उपग्रह सांगत होता उणे वीस. सरांचं मॉडेल म्हणत होतं उणे पंधरा. जमिनीच्या आणि हवेच्या गारव्यात जो थोडा फरक असतो तो मी आधीच वजा केला होता, तरीही पाच अंश उरत होते. मग मी तोमलुंगची हाताने लिहिलेल्या नोंदवहीची प्रत काढली. तीही म्हणाली, उणे पंधरा.

मला वाटलं, चोर सापडला. सरांनी मॉडेल बसवताना याच वहीचा आधार घेतला होता. वही खोटी, म्हणून मॉडेल खोटं. कडाक्याच्या थंडीत सकाळी बाहेर पडायचा कंटाळा करणारी कुणी बाई घरात बसून मऊ आकडे लिहीत असणार, आणि सतरा वर्षं ते आकडे पुण्यात कुणीतरी खरे मानत असणार. यावर मी निबंध लिहिला, परिषदेला पाठवला, तो घेतलाही गेला. त्याच सुमारास अशी हातानं चालणारी केंद्रं बंद करायची चर्चा चालली होती. तोमलुंगबद्दल माझा अहवाल मागवला गेला. मी 'नोंदी विश्वासार्ह नाहीत' एवढं लिहिलं, की पेटी उचलायची आणि बाईंना घरी बसवायचं.

निघताना सर फक्त म्हणाले होते, "सगुणा, जाऊन बघ. जे दिसेल ते लिही. माझ्या मॉडेलची काळजी करू नकोस, त्याला मी बघून घेईन."

तर त्या पहिल्या सकाळी मी धाब्यावरून खाली उतरले, लाजत लाजत पेटीत डोकावले. उणे एकवीस पूर्णांक दोन. वहीत तेच. दुसऱ्या दिवशी उणे बावीस, तिसऱ्या दिवशी उणे वीस पूर्णांक सहा. तिन्ही सकाळी आभाळ असं निळं, की टकटक केली असती तर वाजलं असतं. तिन्ही सकाळी यांगचेन वेळेवर. आकडे चोख, आणि उपग्रहाशी जुळणारे.

"झालं की," ढोबळेकाका म्हणाले. "बाई खरी आहे. पेटीच्या झडपा पुसलेल्या, काचेवर बोटाचा डाग नाही. तीस वर्षं बघतोय ताई, जो खोटं लिहितो तो काच पुसत नाही."

"आपण आलोय म्हणून नीट करत असेल," मी म्हणाले.

त्यांनी मफलर पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "तुम्ही लग्नासाठी मुलगी बघायला जाऊ नका कुणाची."

चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं. खिडकीतून बघितलं तर समोरचा डोंगर नाहीसाच झालेला, सगळीकडे राखाडी कापूस. मी पुन्हा रजईत शिरले. ढगातून उपग्रहाला खालचं दिसत नाही. माझ्या तक्त्यात अशा दिवसाचा रकाना कोराच राहतो. ज्या दिवसाशी ताडायला काही नाही, त्या दिवशी उठून करायचं काय?

नऊच्या सुमारास स्वयंपाकघरात गेले. मधोमध लोखंडी चूल, भोवती गालिचे. यांगचेन लोण्याचा खारट चहा घुसळत होती. ढोबळेकाका सातूच्या पिठाचे गोळे चहात बुडवून खात होते, आणि तोंड असं करत होते की चव आवडली की नाही हे त्यांनाही कळलेलं नाही.

"आज तुम्ही आला नाहीत, मॅडमजी," यांगचेन म्हणाली. "तब्येत बरी ना?"

"बरी आहे. आज ढग आहेत ना."

"ढगाला सुट्टी असते का तुमच्याकडे?"

मी हसले आणि सहज म्हणून वही ओढली. आजची तारीख. किमान तापमान: उणे नऊ.

काल उणे वीस पूर्णांक सहा. आज उणे नऊ. एका रात्रीत साडेअकरा अंश वर, तेही फेब्रुवारीत, या उंचीवर? मला आतून एक प्रकारचा आनंदच झाला. हे आज सांगताना लाज वाटते, पण झाला. मी आले नाही, त्याच दिवशी आकडा मऊ!

"यांगचेनजी," मी विचारलं, "हे तुम्ही बाहेर जाऊन लिहिलंत, की इथे बसून?"

चहा घुसळायचा आवाज थांबला. ढोबळेकाकांनी हातातला गोळा परत वाटीत ठेवला.

यांगचेन रागावली नाही. तिनं हात फडक्याला पुसले, सावकाश, एकेक बोट.

"माझ्याआधी ही वही माझा दीर लिहायचा," ती म्हणाली. "तो इथेच बसून लिहायचा, ही तुम्ही बसलात त्याच जागी. पहिल्या वर्षी मी त्याची जुनी पानं वाचली. मला लगेच कळलं. खोटी वही ओळखायला सोपी असते मॅडमजी. तिच्यात आकडे गुळगुळीत असतात. आज उणे पंधरा, उद्या चौदा, परवा पुन्हा पंधरा. थंडी अशी नसते. थंडी उड्या मारते." ती उठली. "चला बाहेर."

मी तशीच उठले. अंगण ओलांडून पेटीपाशी गेलो. ढोबळेकाका मागोमाग. यांगचेननं झडप उघडली आणि बाजूला झाली.

किमान तापमानाची नळी आडवी टांगलेली असते. तिच्यात एक बारीकशी काचेची काडी. रात्री गारठा वाढेल तशी आतल्या द्रवाबरोबर ती काडी मागे सरकते, आणि सकाळी ऊब आली तरी होती तिथेच पडून राहते, म्हणजे रात्री सगळ्यात गार काय होतं ते सांगते. रोज साडेआठला वाचून झालं की नळी तिरकी करून काडी पुन्हा जागेवर आणायची, हा नियम. आज ती आणलेली नव्हती. काडी उणे नऊवर निजून होती.

"सतरा वर्षांत पहिल्यांदा मी ती तशीच ठेवली," यांगचेन म्हणाली. "तुम्ही आला नव्हतात. मला वाटलं, ही विचारणार."

मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "आणि तुमचे हात बघा."

मी हात बघितले. उघडे. मी हातमोजे घरातच विसरले होते, आणि पाच मिनिटं अंगणात उभी असून मला ते कळलंही नव्हतं. कालपर्यंत त्याच अंगणात हातमोजा काढून पेन धरला, तर बोटं तुटून पडतील असं वाटायचं.

"वाकळ आहे आज आभाळाला," ढोबळेकाका वर बघत मराठीत म्हणाले. "उबारा धरलाय."

वाकळ. त्या एका शब्दानं मी तिथल्या तिथे जतला पोचले. थंडीच्या दिवसांत अंधारात जात्यावर बसलेली आई, आणि आम्ही भावंडं एका वाकळेखाली चौघं. आभाळ आलं असलं की ती दुसरी वाकळ काढायचीच नाही, आणि दळता दळता स्वतःशीच गायची:

*ढगाची वाकळ गं, ओढली डोंगरानं,*
*थंडीला वाट दिली, मागल्या दारानं.*

मला हे माहीत नव्हतं असं नाही. आईकडून माहीत होतं. पुस्तकात होतं, परीक्षेत लिहून मी त्याचे मार्कही घेतले होते: निरभ्र रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, ढग असले की ती अडते. सगळं माहीत होतं. पण पुण्यात संगणकासमोर बसून महिन्याची सरासरी काढताना मी उपग्रहाला एकदाही विचारलं नव्हतं, बाबा रे, तू या महिन्यातल्या किती रात्री बघितल्यास?

त्यानं फक्त उघड्या आभाळाच्या रात्री बघितल्या होत्या. वाकळ पांघरलेली एकही नाही. त्याला दिसतच नव्हत्या. आणि मॉडेलनं नि यांगचेननं मात्र सगळ्या रात्री मोजल्या होत्या, उघड्याही आणि झाकलेल्याही. मी उपग्रहाला एक प्रश्न विचारला होता, या दोघांना दुसराच, आणि उत्तरं एक नाहीत म्हणून दोघांना खोटं ठरवलं होतं.

मी धावतच घरात गेले. चुलीपाशी लॅपटॉप उघडला, मांडीवर आदल्या वर्षीची नोंदवही. वहीत रोज आभाळाचाही रकाना असतो: आभाळाचे आठ भाग धरायचे आणि त्यातले किती झाकलेले ते लिहायचं. सतरा वर्षांत एकही दिवस यांगचेननं तो रकाना रिकामा सोडला नव्हता. पुण्यात मी तो रकाना संगणकात भरूनही घेतला नव्हता. मला त्याची गरज वाटली नव्हती.

"काका, मी तारीख सांगते, तुम्ही आभाळ वाचा. एक जानेवारी?"

"शून्य."

"उघडी. दोन?"

"आठपैकी आठ."

"त्या रात्री बर्फ पडलं," यांगचेन चहा ओतत मधेच म्हणाली. "शेजारच्या छेवांगची गाय त्याच रात्री व्याली. सगळे म्हणाले, बरं झालं ढग आले, वासरू जगलं."

"तीन?"

"आठपैकी सात."

"चार तारखेला उघडलं," यांगचेननं वही न बघता सांगितलं. "नळाचं पाणी गोठलं. मी दगडाने बर्फ फोडलं."

असं करत एकतीस रात्री झाल्या. अठरा उघड्या, तेरा झाकलेल्या. फक्त अठरा घेतल्या आणि पुन्हा सरासरी काढली. यांगचेनची वही: उणे एकोणीस पूर्णांक सहा. सरांचं मॉडेल, त्याच अठरा रात्री: उणे एकोणीस पूर्णांक तीन. उपग्रह: उणे वीस.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. तिघंही एका सुरात गात होते. बेसूर होते ते माझे कान.

"ताई," ढोबळेकाका हळूच म्हणाले, "म्हणजे तुमचा निबंध..."

"चुकला."

"पार?"

"पार."

त्यांनी माझ्यापुढे सातूच्या पिठाची वाटी सरकवली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण खरं सांगू, ते दुःखाचं नव्हतं. मनावरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं.

"आचे," मी म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले. "मी तुमच्यावर खोटेपणाचा आळ घेतला."

"घेतलात," तिनं चुलीत लाकूड सारलं.

"चुकलं माझं."

"हो." तिनं विचारलं, "मग पुण्याला काय लिहिणार?"

"माझी चूक आधी. मग तुमचे आकडे."

"माझ्यासमोर लिहा."

मी लिहिलं. ढोबळेकाकांनी एकेक वाक्य मोठ्यानं वाचून त्यांच्या बार्शी-हिंदीत तिला समजावलं. ती मान डोलावत ऐकत होती. एका ठिकाणी तिनं हात वर केला.

"थांबा. हे परत वाचा."

"तोमलुंग केंद्राच्या नोंदी कदाचित बरोबर असाव्यात," काकांनी वाचलं.

"कदाचित का?"

मी म्हणाले, "आचे, आमच्यात असंच लिहायची पद्धत आहे. थोडी जागा ठेवून."

"कुणासाठी जागा? सकाळी मी जाते. पेटी मी उघडते. कदाचित जाते का?" तिनं ढोबळेकाकांकडे वळून विचारलं, "भाईजी, तुम्ही नळ्या दुरुस्त करता, कदाचित करता?"

"छे! मी तर पार मोडेपर्यंत करतो," काका म्हणाले.

ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदा, मोकळं, दात दाखवून. मी 'कदाचित' खोडलं. 'असाव्यात' खोडून 'आहेत' केलं. वाक्य एकदम लहान झालं.

दुपारी गावातल्या एकुलत्या एक फोनवरून सरांना लावला. डाकघराच्या खोलीत. आवाज येत-जात होता.

"सर, मी फक्त उघड्या रात्री बघत होते. ढगाळ रात्री धरल्याच नाहीत."

खरखर वाढली; मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग सर म्हणाले, "म्हणजे तुझा निबंध गेला."

"गेला, सर. मी परिषदेला मागे घेतल्याचं कळवते."

"आणि माझं मॉडेल?"

"राहिलं."

"अरे वा." पुन्हा खरखर. "मी वीस वर्षं त्याच्याबरोबर आहे, पण मलाही त्या रात्री वेगळ्या काढायचं सुचलं नाही, बरं का. मला वाटलं, गेलं आपलं पोर वाया." मग एकदम म्हणाले, "सगुणा, तिकडे जेवायला नीट मिळतंय ना?"

निबंध मागे घेतल्यावर परिषदेत काही जण हसले, काहींनी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी तोच अभ्यास मी पुन्हा केला, हिमालयातल्या नऊ केंद्रांवर, उघड्या आणि झाकलेल्या रात्री वेगवेगळ्या करून. तेव्हा मॉडेलमध्ये खऱ्याच दोन चुका सापडल्या. त्या सरांनी स्वतः दुरुस्त केल्या आणि निवृत्त होईपर्यंत सगळ्यांना कौतुकानं सांगत राहिले. तोमलुंगची पेटी उचलली गेली नाही. यांगचेन आचे अजून लिहिते, आणि दर जानेवारीत तिच्या पानांची छायाचित्रं मला फोनवर येतात. आधी मी आभाळाचा रकाना वाचते.

पण मला आठवत राहते ती त्या भेटीतली शेवटची सकाळ. ढग अजून खालीच होते. बर्फ भुरभुरत होतं, अगदी बारीक, सातूच्या पिठासारखं. साडेआठला मी आचेबरोबर पेटीपाशी उभी होते, हातमोजे न घालता. तिनं झडप उघडली आणि कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

"आज तुम्ही लिहा."

वही तिनं माझ्यापुढे धरली. मी नळीकडे बघितलं, काडी कुठे आहे ते पाहिलं आणि नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं: उणे आठ पूर्णांक सहा.

आचेनं वहीत बघितलं. मग नळीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"आठ पूर्णांक दोन," ती म्हणाली. "तुम्ही उंच आहात. वरून, तिरकं बघितलंत. वरून बघितलं की थंडी जास्त दिसते."

ढोबळेकाका कुंपणाबाहेर उभे होते. ते खोकले.

मी आकडा खोडला, गुडघे वाकवले, डोळे काडीच्या अगदी समोर आणले आणि पुन्हा वाचलं.